राखलेली जागा

शेवटी हिराबाई पालघरच्या बाजारात परत जाऊन बसली. रांगेच्या पार टोकाला, बर्फाच्या फुटक्या पेटीच्या पलीकडे, जिथे ऊन सरळ डोक्यावर येतं आणि गिऱ्हाईक येत नाही, तिथे. हे असं झालं. पण ते झालंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ, कारण तिचा मुलगा दर्पण तसंच धरून चालला होता, आणि ही गोष्ट त्याच्या डोक्यात घडते. दुसऱ्याच्या घरी गेलं की त्या घरच्या रीतीने वागावं.

तर काहीच झालेलं नव्हतं. पाऊस नुकता उघडला होता. बोईसरच्या हवेत त्या दिवशी कडू बदामासारखा वास होता. वास रोज बदलायचा, आणि दर्पणला वासावरून वार सांगता यायचा, पण हे कौशल्य कुणी मुलाखतीत विचारत नसे. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर, धर्मेशभाईच्या ऑफिसात, तो पंख्याखालची खुर्ची पकडून बसला होता. लोकांना नेटवर वर चढवणं हा त्या ऑफिसचा धंदा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले पिंपवाले, पंपवाले, रंगवाले यायचे, आणि कुणी शोधयंत्रात ‘प्लास्टिकचं पिंप’ असं टाकलं की आपलंच नाव पहिल्या पानावर दिसावं म्हणायचे. मग दर्पण पिंपाविषयी लिहायचा. पिंपाचे फायदे. पिंप निवडताना घ्यायची काळजी. पिंप आणि आपण. शाळेत ‘माझा आवडता प्राणी’ या निबंधात तो नापास झाला होता, आणि आता पिंप या विषयात त्याचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. कामाला लागण्यापूर्वी तो रोज एकदा स्वतःसाठी शोधायचा, लोक कामाआधी तसबिरीला हात जोडतात तसं. ‘केळवे माहीम घरगुती राहण्याची सोय.’ आणि रोज सगळ्यात वर यायचं ते ‘हिराई’. म्हणजे माहीमला घरामागे बांधलेल्या दोन खोल्या, आईच्या हातचं जेवण, आणि अंगणात उभी हिराबाई, जिने फोटोसाठी हसायला साफ नकार दिला होता. “मी काय येडी हाय, कुनी नसताना हसायला?” त्या दिवशी वर दुसरंच काहीतरी होतं.

त्याला वाटलं, टायपताना चुकलं. पुन्हा टाकलं. वर ‘केळव्यातील दहा सर्वोत्तम निवासस्थाने’ असा एक लेख होता. तो कुणी लिहिला ते दिलेलं नव्हतं. सोबतच्या फोटोत बर्फाचा डोंगर होता, आणि हिवाळ्यात येणाऱ्यांनी लोकरीचे कपडे आणावेत असा सल्ला होता. दहापैकी तीन निवासस्थानं दर्पणच्या माहितीप्रमाणे अस्तित्वात नव्हती; एक होतं, पण तो गुरांचा दवाखाना होता. तो खाली सरकत गेला. दुसरं पान. तिसरं. चौथ्या पानाशी त्याच्या जिभेच्या मुळाशी पाणी सुटलं, आणि हे पाणी त्याने लगेच ओळखलं. लहानपणी बाप, नामदेव, त्याला पहिल्यांदा होडीवर घेऊन गेला तेव्हा किनाऱ्यावरची सुरूची झाडं वरखाली व्हायला लागली होती, तेव्हाही अगदी असंच सुटलं होतं. नामदेवने त्याच्याकडे बघितलं, अर्धं लिंबू त्याच्या तोंडात कोंबलं आणि होडी वळवली. मांगेल्याच्या, म्हणजे पिढीजात मासेमाऱ्याच्या, घरात जन्मून ज्याला समुद्र लागतो असा मुलगा गावात पूर्वी झाला नव्हता. नामदेव चिडला नाही. जाळं रिकामं आलं तरी तो चिडत नसे, इंजिन बंद करून थोडा वेळ पाण्याकडे बघत बसायचा आणि म्हणायचा, “माशानं जागा बदलली.” समुद्राने फसवलं असं त्याच्या तोंडून कधी आलं नाही. मुलाच्या बाबतीतही त्याचं तेवढंच म्हणणं होतं. मासा म्हणून जन्मला, जागा बदलून कंप्युटरवर गेला. पुढे नामदेव गेला, होडी विकली, आणि आता त्याचा मुलगा टायरच्या दुकानावर बसून, जमिनीपासून जेमतेम एक मजला वर, पडदा खाली सरकवत होता आणि त्याला समुद्र लागत होता. ‘हिराई’ सातव्या पानावर सापडलं.

“वरून बदल झाला,” धर्मेशभाई म्हणाला. तो शोधयंत्राचं नाव घ्यायचा नाही. ‘वरचे’ म्हणायचा, जुन्या बायका नवऱ्याचं नाव टाळतात तसं. सकाळपासून त्याचा फोन गरम झाला होता. पिंपवाले चाळिसावे झाले होते, पंपवाले सापडतच नव्हते, आणि कुणालाही काही कारण सांगण्यासारखं नव्हतं, कारण वरच्यांनी फक्त एवढंच जाहीर केलं होतं की आता ते लोकांना अधिक उपयोगी मजकूर दाखवणार. “दर्पणभाय, ते पत्र पाठवून दे सगळ्यांना,” धर्मेशभाई म्हणाला आणि त्याने मोडेमवरची लिंबूमिरची बदलली. ते पत्र दर्पणनेच कधीतरी लिहिलेलं होतं. ‘क्रमवारीतील चढउतार ही नैसर्गिक बाब असून आपण घाबरून जाऊ नये. आमचा चमू परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे.’ चमू म्हणजे दर्पण. त्याने ते सगळ्यांना पाठवलं, आणि थोडा विचार करून ‘हिराई’च्या पत्त्यावरही पाठवलं. मग तिकडचं खातं उघडून वाचलं. पत्र सभ्य होतं. घाबरून जाऊ नये असं कुणीतरी आपल्याला सांगतंय हे वाचून त्याला खरोखरच बरं वाटलं, दुपारच्या चहापर्यंत.

चहानंतर मात्र आईची मासळीची पाटी आठवली. पालघरच्या मच्छीबाजारात दरवाज्यातून आत आलं की पहिली बैठक हिराबाईची होती. तिच्या आधी तिच्या सासूची, तिच्या आधी सासूच्या सासूची. सुनेला मिळणारी जागा ती, सातबाऱ्यावर नसलेली पण सातबाऱ्याहून पक्की. त्या रांगेचा एक नियम होता. एखादी बाई आजारी पडली, बाळंत झाली, तिच्या घरी काही झालं, तर शेजारणीने तिची पाटी उलटी करून जागेवर ठेवायची. उलट्या पाटीवर कुणी बसत नाही. नामदेव गेला तेव्हा हिराबाई कितीतरी दिवस बाजारात आली नव्हती, आणि तितके दिवस तिची पाटी दरवाज्याशी उलटी पडून होती. ऐन हंगामात, जेव्हा बाकीच्या बायका एकमेकींच्या मांडीवर बसायच्या बेतात होत्या. मग दर्पणला नोकरी लागली, खोल्या बांधल्या, ‘हिराई’ पहिलं आलं. आईचे गुडघे सुजलेले बघून एके दिवशी तो म्हणाला होता, “आये, आता बाजार सोड. नेटवर पयली जागा आपली हाय.” “पक्की हाय?” “पक्की.” पक्की हा शब्द आपण कुठून काढला ते त्याला पुढे आठवेना. पिंपाच्या निबंधातून असावा. हिराबाईने विचार केला, सून काही दिसत नव्हती, आणि तिने जागा शेजारच्या रत्नाबाईला दिली. दिलेली जागा परत मागत नाहीत. असा नियम कुणी केलेला नव्हता, कारण तशी वेळ कुणावर आली नव्हती.

आता शनिवार-रविवारचे पाहुणे आटले. एक कुटुंब आलं, ते रस्ता चुकलेलं होतं. आईचा फोन आला. “दर्पण, पावनं कुटं अडकलं रं?”

“आये, नेटवाल्यांनी नियम बदलला.”

“म्हंजी नवीन सायब आला?”

“तसंच समज.”

“मंग भेटून ये की. जाताना दोन पापलेटं ने.”

“त्याला ऑफिस नाय.”

“घरी दे.”

“घर नाय, आये. तो मानूसच नाय. यंत्र हाय.”

पलीकडे आईने कोंबड्या हाकलल्या. “मंग कोनाची जागा कुटं ते त्याला कोन सांगतं?”

दर्पणने हा प्रश्न दुसऱ्या दिवशी धर्मेशभाईला विचारला. धर्मेशभाईने छताकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “हेच जर मला माहीत असतं तर मी टायरच्या वर बसलो असतो काय?”

त्यानंतर दर्पणला सातव्या पानावर जायची सवय लागली. सरावलीच्या भाड्याच्या खोलीत रात्रीचं जेवण झालं की तो खाटेवर आडवा होऊन तिथे जायचा. सातव्या पानावर कुणी येत नाही. तो स्वतः इतकी वर्षं या धंद्यात असून कधी गेला नव्हता. तिथे शांतता होती. ‘हिराई’च्या वर मनोरचा एक मंडपवाला होता, ज्याने फोन नंबरात एक आकडा कमी लिहिला होता. खाली कुठल्याशा गणेशोत्सव मंडळाच्या रांगोळी स्पर्धेचा जुना निकाल होता, उत्तेजनार्थ बक्षिसासकट. त्याखाली एका बंद पडलेल्या पतपेढीच्या सभेची सूचना, जी सभा गणसंख्येअभावी तहकूब झाली होती आणि, पान बदललेलं नसल्यामुळे, अजून तहकूबच होती. ही मंडळी त्याला हळूहळू ओळखीची झाली. मंडपवाल्याला लग्नसराईत काम मिळत असेल का असं तो विचारात पडायचा. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालेली ती कुमारी आता कुठे असेल, तिची स्वतःची मुलगी रांगोळी काढत असेल का. आणि या सगळ्यांत मधोमध आपली आई, न हसता, अंगणात उभी. पहिल्या पानावर असताना तो आईच्या फोटोकडे कधी इतका वेळ बघत नव्हता. तिच्या मागे बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते, आणि फोटोच्या कडेला, अर्धवट कापलेली, एक पाटी दिसत होती. ती उलटी होती. घरात पाटी उलटी कशाला ठेवली असेल? त्याने पडदा डोळ्यांशी नेला. फोटो मोठा केल्यावर पाटीचे फक्त चौकोन झाले.

“भाई, इतना नीचे क्या ढूँढ रहा है?” शेजारच्या खाटेवरून मनीषने विचारलं. मनीष रंगाच्या कारखान्यात होता. ज्या दिवशी जो माल चालू असेल त्या रंगाचं त्याचं बनियन असायचं. आज तो जांभळा होता.

“मम्मी,” दर्पण म्हणाला.

मनीषने हे योग्य उत्तर असल्यासारखी मान हलवली आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

आणि मग एका सकाळी आकडे हलले. कोण येतं, कुठून येतं, किती वेळ थांबतं, हे मालकाला दाखवणारं एक पान असतं. दर्पणने ते उघडलं आणि त्याचे कान गरम झाले. ‘हिराई’वर माणसं येत होती. थव्यांनी. सकाळी बाजाराचा टेम्पो निघण्याआधी आणि संध्याकाळी टेम्पो परतल्यानंतर. पहिल्या क्षणी त्याला इतका आनंद झाला की त्याने पंख्याखालची खुर्ची सोडून उठण्याची चूक केली, आणि ती पंपवाल्यांच्या माणसाने पकडली. दुसऱ्या क्षणी त्याने पाहिलं की सगळे जण माहीममधूनच येत होते. पाहुणे माहीममधून माहीमला राहायला येत नाहीत. तिसरी गोष्ट म्हणजे त्यातलं कुणी थांबत नव्हतं. यायचं, डोळा मिचकावण्याइतका वेळ टेकायचं, निघून जायचं. आणि ‘हिराई’ सातव्या पानावरून नवव्यावर गेलं होतं.

रविवारी संध्याकाळी तो घरी गेला. ओटीवर बायका एका ओळीत बसल्या होत्या, बाजारात बसतात त्याच क्रमाने, कारण दुसऱ्या क्रमाने बसायची त्यांना सवयच नव्हती. प्रत्येकीच्या हातात फोन. काहींच्या काचा तडकलेल्या, एकीचा फोन माशांच्या खवल्यांनी चमकत होता. दरवाज्याच्या जवळ, पहिल्या जागेवर, रत्नाबाई. ती शाळेच्या कवायतीसारखं ओरडत होती. “उगड! बगितलं? मिट! परत उगड! मिट! गो सुलू, तू बगत बसू नको, ह्या काय शिनेमा नाय, नेटचा पैसा जातो तुज्या!” मध्ये हिराबाई सगळ्यांना चहा देत होती. तिच्या चेहऱ्यावर, फोटोत नव्हता असा, एक प्रकारचा आराम होता.

“काय चाललंय?” दर्पण म्हणाला.

“ये भाव, ये,” रत्नाबाई म्हणाली. “तुज्या आयेची जागा राखतो आमी. तुमच्या त्या यंत्रावर पाटी कशी ठेवायची? मंग मीच म्हटलं, येक येकीनं जाऊन बसून यायचं. जागा रिकामी दिसली नाय म्हंजी कोन दुसरा बसनार नाय. नामदेवभाव गेला तवा ठेवली का नाय मी पाटी? तशीच ह्या.”

“आनि लगेच मिटता कशाला?”

“मंग काय तितंच बसून र्‍हाऊ? जागा आपली थोडीच हाय? तुज्या आयेची हाय. राखनारीनं जास्त टेकू नये, सवय लागते.”

दर्पण ओटीच्या कडेला बसला. धर्मेशभाईचं एक लाडकं वाक्य होतं, नवीन गिऱ्हाईक आलं की तो ते ऐकवायचा: माणूस दुकानात शिरला आणि लगेच बाहेर पडला, तर वरचे समजतात की दुकानात काही नाही. खरंखोटं धर्मेशभाईला माहीत नव्हतं, पण हे वाक्य त्याला पाठ होतं. म्हणजे गेले कित्येक दिवस ही सगळी रांग, रोज दोन वेळा, एकमुखाने, त्या यंत्राला सांगत होती की हिराबाईकडे काही नाही. शेजारधर्म म्हणून. स्वतःचं नेट खर्चून. त्याच्या जिभेखाली पाणी जमलं. आता सांगायला हवं होतं, आणि त्याने मनात वाक्य जुळवायलाही घेतलं. पण ते प्रत्येक वेळी ‘चढउतार ही नैसर्गिक बाब असून’ असं सुरू व्हायचं. रत्नाबाईने हातावर फोन उघडला, आईचा न हसणारा चेहरा तिच्या तळव्यात क्षणभर उजळला आणि विझला. बारा बायकांच्या तळव्यांत तो असा उजळत आणि विझत होता, अंधारात विड्यांचे विस्तव दिसावेत तसा. ते बघताना दर्पणला वाटलं की आपण पहिल्या पानावर असतानाही आईचा चेहरा एका वेळी इतक्या माणसांनी कधी पाहिला नसेल. “च्या घे,” हिराबाई म्हणाली. त्याने घेतला. काही सांगितलं नाही.

त्यानंतर ‘हिराई’ कुठल्याच पानावर दिसेना. त्याने शेवटच्या पानापर्यंत जाऊन पाहिलं. शेवटचं पान असतं, हेही त्याला तेव्हाच कळलं. खाली लिहिलेलं असतं की आणखी काही नाही, आणि मग खरंच काही नसतं, पांढरं, ओहोटीच्या वाळूसारखं. मंडपवाला होता, रांगोळी होती, पतपेढीची सभा अजून तहकूब होती. मधली जागा मात्र मिटली होती. तिथे फट पडलेलीसुद्धा दिसत नव्हती. रांगेत एक बाई उठून गेली की दोन्हीकडच्या जरा सरकतात, तसे ते सरकले होते.

मग जे झालं नाही, ते झालं. एका सोमवारी दर्पणला कुणीतरी सांगितलं, तुझी आई बाजारात दिसली. तो धर्मेशभाईला दाताचं कारण सांगून पालघरला गेला. दरवाज्यातून आत शिरला. पहिल्या जागेवर रत्नाबाई होती, आणि ती चक्क उभी होती. आपल्याच जागेवर टेकायची तिला लाज वाटत असावी. “मी म्हटलं तिला, बस हितं, तुजीच हाय,” ती दर्पणला बघून एकदम भांडायच्या सुरात म्हणाली. “ऐकते का? म्हनते, दिलेली जागा मागत नाय. अरे पन मी देते ना! म्हनते, मंग ती तुजी झाली, तू दिलीस म्हंजी. काय करावं हिला?” आणि तेवढ्यात एक बाई रत्नाबाईकडे सुकट बघायला वाकली, तर रत्नाबाईने तिच्या समोरून सूप मागे ओढलं. “माज्याकडं नको. पार टोकाला जा, बर्फाच्या पेटीमागं. हिराबाय म्हनून इचार.” बाई निघाली. दर्पण तिच्या मागे मागे गेला. मधल्या सगळ्या बायकांनी तिला हाताने पुढे, पुढे असं केलं. अर्ध्यावर बाई थांबली, तिने उन्हाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, समोर होती ती करंदी घेतली आणि बाजूच्या दाराने निघून गेली.

हिराबाई फुटक्या पेटीच्या पलीकडे बसली होती. डोक्यावर पदर, पुढ्यात बोंबील, गुडघे एका बाजूला वळवून. तिने हे सगळं पाहिलं होतं. बाजारात टोकाची जागा असली की सगळं दिसतं.

“दिसले का मी?” तिने विचारलं.

“दिसलीस.”

“कितव्या पानावर?”

त्याला वाटलं खोटं बोलावं. “सातव्या,” तो म्हणाला. तेही खोटंच होतं.

“मंग बरं हाय,” ती म्हणाली. सातव्या पानावरची मंडळी त्याने तिला कधीतरी फोनवर सांगितली होती. “सोबत हाय तितं. त्या मंडपवाल्याला नंबर बरोबर करायला सांगितलास का?” आणि ती हसली. समोर माणूस होतं, म्हणून. दर्पणने खिशातून फोन काढला, पण तोवर तिचं हसून झालं होतं.

फोन हातात होता म्हणून त्याने, तिथेच पेटीच्या सावलीत बसून, शोधयंत्र उघडलं. पान संपतं तिथे, जिथे कुणाची नजर जात नाही, ‘अभिप्राय पाठवा’ अशी एक बारीक ओळ असते. त्याखालच्या चौकटीत त्याने लिहिलं:

‘प्रति, मा. व्यवस्थापक, किंवा जे यंत्र असेल ते. विषय: जागा पूर्ववत करून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयी अर्ज करण्यात येतो की, अर्जदाराची आई श्रीमती हिराबाई नामदेव, रा. माहीम, यांची पहिल्या पानावरील जागा आपल्या नियमबदलामुळे व शेजारणींच्या प्रामाणिक सहकार्यामुळे गेलेली आहे. तसेच सदर जागेच्या भरवशावर त्यांनी सोडलेली बाजारातील जागा रीतीप्रमाणे परत मागता येत नाही. सबब विनंती की, दोन्ही जागा मूळ क्रमाने पूर्ववत करण्यात याव्यात, सोबत श्री. मंडपवाले यांचा एक आकडा देण्यात यावा, पतपेढीची सभा घेण्यात यावी, आणि दरम्यान जे झाले ते झालेच नाही असे समजण्यात यावे. निर्णय होईपर्यंत जागेवर पाटी उलटी ठेवण्यात आली असून ती कोणीही हलवू नये, ही नम्र विनंती.’